चार बोटांचा फरक

एस्तेर फोनवर म्हणाली, पप्पा, वॉर्साहून विमानानं जा,
तासाभरात व्हिल्नियस.
हे म्हणाले, व्हिल्नियस कुणाला बघायचंय?

महिना झाला, आमच्या जेवणाच्या टेबलावर
ताटांना जागा नाही.
वहीच्या डाव्या पानावर सुटायच्या वेळा,
उजव्या पानावर पोचायच्या,
आणि मधे, पानं शिवलेल्या दोऱ्याला लागून,
लाल पेन्सिलीनं एकच नाव: मोत्सकावा.

गाव एवढंसं. नकाशावर बोट ठेवलं की झाकतं.
पण तिथं पोलंडकडचे रूळ थांबतात
आणि पुढचे सुरू होतात, जुन्या रशियाच्या मापाचे,
चार बोटं जास्त रुंद.
म्हणून अख्खी गाडी उतरते तिथं,
पोराबाळांसकट, बोचक्यांसकट,
फलाट ओलांडते
आणि पलीकडच्या गाडीत जाऊन बसते.

"म्हणजे मिरजच की गं!"
असं म्हणून ह्यांनी चष्मा काढला
आणि माझ्या पदराला पुसला.

मिरजेला तर तीन मापं होती.
पुण्याची मोठी, बेंगलोरची मधली,
आणि धाकटी, अडीच फुटी, कुर्डुवाडीची.
त्या धाकटीवर हे गार्ड.
धावत्या गाडीतून उतरून माणसं बोरं वेचतात
आणि पुन्हा चढतात, अशी तिची चेष्टा व्हायची.
हे अजून रागावतात.
बोरं नव्हती ती, म्हणतात, चिंचा होत्या.

मी तेव्हा मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला.
डोळ्यांना पट्टी बांधलेले एक आजोबा
पुण्याहून आणून ढालगावला पोचवायचे होते.
पुण्याची गाडी उशिरा. धाकटीची वेळ झालेली.
एका हातात आजोबा, एका हातात त्यांचा कंदील
(तो का आणला होता, देव जाणे),
आणि फलाटाच्या त्या टोकाला एक गार्ड,
हिरवं निशाण गुंडाळून काखेत धरलेला,
आभाळाकडं बघत, जणू काही आठवत नाहीये.
हे म्हणतात, गाडी दोन मिनिटं थांबवली.
मी म्हणते, सात.
रजिस्टरात एकही नाही.

आता रूळ सगळे एका मापाचे.
मिरजेत कुणाला घाईनं फलाट ओलांडावा लागत नाही,
चांगलंच झालं, हेसुद्धा म्हणतात.
म्हणतात आणि वही उघडतात.

काल रात्री नवीनच शंका.
लिथुआनियाचं घड्याळ एक तास पुढं.
मग तो तास गार्ड कुठल्या रकान्यात लिहितो?
उशीर म्हणून? की हरवलेलं सामान म्हणून?
एस्तेरला विचारलं तर तिनं नुसता अंगठा पाठवला.

सामानाची यादी माझ्याकडं.
भडंग दोन किलो, सांगलीचाच.
शेंगाची चटणी, गुडघ्याचा पट्टा, रक्तदाबाच्या गोळ्या,
ह्यांची शिट्टी नाही.
हे म्हणाले, शिट्टी कोण नेतंय.
नंतर पाहिलं तर मोज्यात होती.
राहू दिली.

एकच गोष्ट कुठंच सापडत नाही:
त्या फलाटाची रुंदी.
वेळा सापडतात, भाडं सापडतं,
खिडकीजवळची जागा कुठल्या बाजूला तेही,
पण ह्या गाडीतून त्या गाडीत किती पावलं,
हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

पहाटे जाग आली तर शेजारी अंथरूण रिकामं.
स्वयंपाकघरात दिवा.
हे ओट्यापासून दारापर्यंत चालत होते,
दोन्ही हातांत दळणाचे डबे,
ओठ हलत होते.

अकरा, म्हणाले.

माझ्या गुडघ्यानं पंधरा धरा, मी म्हटलं.
आणि ती गाडी तुम्ही थांबवणार नाही आहात.

ह्यांनी डबे खाली ठेवले.
वही ओढली, अकरा खोडून पंधरा लिहिलं,
आणि खाली, बारीक अक्षरात,
गार्डाचं नाव विचारणे.