लॉकर दोनशे चौदा

जून. शाळा रिकामी. डुलुथला अजून
तळ्यावरून बोचरा वारा येतो.
मी काळी पिशवी झटकून उघडतो, किल्ली फिरवतो
आणि बावीस वर्षांच्या सवयीनं आधी वास घेतो.
केळं नाही. नशीब.

दाराला आतून चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी:
"जो कोणी हे साफ करेल त्याला.
तळाचं च्युइंगम माझं नाही. आधीपासून होतं.
मेरित सोरवारी, सातवी."

मला उद्देशून इथं कुणी कधी लिहिलं नव्हतं.
बादली पालथी घातली, बसलो.

ढीग म्हणजे उलटी कादंबरी, शेवट वर.
शाळा सोडल्याचा गुलाबी कागद, सतरा मार्चचा.
कारण: घर बदललं.
कुठं, त्या रकान्यात शाई पसरलीय.

त्याखाली आईच्या चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या माथ्यावर
फ्रीजच्या चुंबकाचा गंजका गोल.
"आज डबल पाळी. सूप आहे. आर्लोला नऊला झोपव."
"सूप आहे."
"सॉरी. सूप."
शेवटचीच्या पाठीवर मेरितनं काढलंय
वाडग्यात बुडणारं जहाज, शिडावर झेंडा,
झेंड्यावर चमचा.

उशिरा आल्याच्या पावत्या, अकरा.
कारण: बस. बस. आर्लोनं बूट लपवले.
बस. आर्लोचा ताप.
एकीवर कारणाच्या जागी नुसती रेघ,
कागद फाटेल इतकी दाबून.
बाराव्या पावतीला घरी फोन जातो.
बारावी नाही.

आणि मग तांबडा हातमोजा. डावा.

उठलो. बॉयलरच्या खोलीत, हरवल्या वस्तूंच्या खिळ्याला
जानेवारीपासून एक उजवा लटकतोय.
मी पायऱ्यांवर मीठ टाकत होतो त्या सकाळी,
नाकातला श्वास गोठत होता,
आणि एक मुलगी उजवा हात बाहीत ओढून
शेजारून गेली होती.
"सांभाळून," म्हणालो. एवढंच.

पाणबुड्यांवरचं पुस्तक परत करा, ग्रंथालयाची तिसरी आठवण.
दंतवैद्याची वेळ, खोडलेली.
कुणाच्या तरी वाढदिवसाची रिबीन, गाठ न सोडता कापलेली.

तळाशी सप्टेंबर.
वेळापत्रकाच्या मागे, हिरव्या पेनानं:
"या वर्षी ट्रॉम्बोन.
उत्तर येत असेल तेव्हा तरी हात वर करायचा.
जेवायला कुणाशी तरी बसायचं."
जेवणापुढे बरोबरची खूण, मोठ्ठी.
हाताच्या ओळीपुढे अर्धी.
ट्रॉम्बोनपुढे काहीच नाही.

पिशवी अजून रिकामीच.
ऑफिसात विचारलं तर नवा पत्ता मिळेल, कदाचित,
किंवा म्हणतील, नियम आहे, तीस दिवस, मग कचरा.
मोजे एकात एक घातले.
कानामागची पेन्सिल काढून
चिठ्ठीखाली लिहिलं:

"माहीत आहे. २०११ पासून आहे ते.
मीच खरवडायचं टाळतोय."