सावली बघ आधी

शनिवारी दिवेलागणीला मुंगूस येतं होडी घेऊन.
स्वरांजली ओरडते, आजोबा, चष्मा!
आणि मी शहापूरच्या या दीड खोलीतून
तिच्या टॅबमधल्या बेटावर उतरतो,
गुडघे सांभाळत.

होडीत चार चित्रं. एक खरं, तीन बनावट.
खरं नेलं तर संग्रहालयातलं कासव
दारापर्यंत येऊन नमस्कार करतं.
खोटं नेलं तर मान आत ओढून घेतं,
आणि नारळ विकून जमवलेले पैसे पाण्यात.

वरच्या मजल्यावरची शिवलीला हिरेमठ असतेच सोबत.
बनावट दिसलं की ती किंचाळते, सुळ्ळ!
आमची म्हणते, खोटं!
पण चांगलं निघालं तर एक म्हणते खरं, एक म्हणते खरे.
एका टिंबाचा नि एका मात्रेचा फरक.
बोर्ड रंगवताना तेवढं चालायचं.

चेहरा बघू नको, मी सांगतो.
नकल करणारा चेहऱ्यात जीव ओततो,
तिथं तो सापडायचा नाही.
तो कंटाळतो तिथं बघ.
लुगड्याच्या काठात, घागरीच्या बुडाशी,
डाव्या पायाच्या करंगळीत.
आणि सावली.
सावली बघ आधी.

तुम्हाला कसं कळतंय हो, शिवलीला विचारते.

कसं कळतं.
चाळीस वर्षं खडे बाजारात बोर्ड रंगवले, पोरी.
कन्नड वाचता येत नव्हतं तेव्हाही कन्नड लिहिलं,
कागदावरची वळणं बघून, जिलबी पाडावी तशी,
आणि एकाही दुकानदाराला चूक सापडली नाही.
ती अक्षरं खरी होती का,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढं सांगतो. पुढचं सांगत नाही.

निपाणीच्या एका वखारवाल्यानं
दिवा घेतलेल्या बाईचं जुनं चित्र पुढ्यात ठेवलं.
म्हणाला, अश्शीच दुसरी कर.
पुण्याचं गिऱ्हाईक यायचं होतं.
त्याला माझी द्यायची, जुनी घरात राहायची.
सव्वीस दिवस तंबाखूच्या पोत्यांत बसून काढली,
शिंकत शिंकत.
शेवटी दोन्ही बायका भिंतीला टेकवल्या.
तो या टोकाकडून त्या टोकाला गेला,
परत आला, विडी विझवली,
आणि हळूच विचारलं,
यातली खरी कुठली रे?

मी बोट केलं.
माझ्या बाईकडं.

का, ते नका विचारू.
एकशे चाळीस रुपये दिले होते सव्वीस दिवसांचे,
कदाचित त्यापायी.
कदाचित तिला एकदा कुणीतरी खरी म्हणावं म्हणून.
जुनी बाई पुण्याला गेली
आणि त्या गिऱ्हाइकाला कळलंही नाही
की आपल्याला कुणी फसवलेलं नाही.
माझी अजून निपाणीत आहे म्हणतात.
तिची सावली दिव्याच्याच बाजूला पडलीय,
मी मुद्दाम पाडली होती.
त्या घरात आता नातवंडं नांदतात,
कुणाच्या नजरेला आलेली नाही.

आज स्वरांजलीनं चौथं चित्र बोटांनी मोठं केलं.
दुसरीच कुणी बाई, पण हातात दिवा.
सावली दिव्याकडं.
सुळ्ळ, शिवलीला म्हणाली.
मी काही बोललो नाही.
स्वरांजली माझ्याकडं बघत राहिली बराच वेळ,
तोंडाकडं नव्हे, हातांकडं.

मग तिनं तेच घेतलं.
सगळे नारळ संपवून.
बेटावरच्या तिच्या झोपडीत, खाटेच्या वर लावलं,
जरा वाकडं लागलं, तसंच ठेवलं.
कासवाला सांगू नका हं, म्हणाली.