वाजवून पाहणे

मार्स्टालच्या यार्डात एप्रिलमध्येही बोटं आखडतात.
टेकूंवर शेजारी शेजारी दोन नावा,
पाण्याबाहेर काढलेल्या, म्हणून जरा ओशाळलेल्या,
पोट उघडं पडलेल्या माणसासारख्या.

मी खिशातून हातोडी काढते,
पितळी, करंगळीएवढ्या डोक्याची.
तेवीस वर्षं हाच धंदा.
घेणाऱ्याआधी मी वाजवून पाहते,
मडकं पाहावं तसं.

आधी अल्विल्डे. चौऱ्याहत्तर सालची.
तेव्हा फायबरग्लासवर कुणाचा भरवसा नव्हता,
म्हणून देत गेले थरावर थर, लाकडाइतके जाड.
घाबरून केलेलं काम टिकतं
हे मला अशा नावांनी शिकवलं.
टण्. टण्. टण्.
कण्यापासून नाळेपर्यंत एकच सूर.
कणा लांबलचक, सुकाणू त्यालाच टेकलेलं,
शिसं पोटातच ओतलेलं,
बोल्ट नाहीत, म्हणून गंजही नाही.
फक्त डेकवर, डोलकाठीच्या डावीकडे,
हातभर जागेत आवाज बसला.
भद्.
आतलं लाकूड भिजलंय. लिहून घेतलं.

मग स्नेपे, पंचवीस वर्षांनी धाकटी.
बांधा असा की उभी असतानाही निघाल्यासारखी.
कणा म्हणजे नुसतं पातं, टोकाला शिशाची गाठ,
आणि नऊ बोल्टांवर सगळा संसार.
हातोडी इथे बारीक बोलते, टिक् टिक्,
भाजल्या पापडावर नख मारावं तशी.
वाईट नाही. पातळ आहे.
आत, कण्याच्या मागच्या टोकापाशी,
केसाएवढी चीर.
"वाळूला लागली होती एकदा," मालक म्हणाला.
मी काही बोलले नाही.
वाळू अशी सही करत नाही.

घेणारे दोघं: आस्गर, फेरीबोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेला,
आणि ट्युरा, जिने या बेटावरच्या
दोन पिढ्यांचे दात तपासले.
आस्गरच्या वहीत अझोर्सचा रस्ता,
एकोणीसशे सागरी मैल.
अल्विल्डे पाच नॉटने गेली तर सोळा दिवस.
स्नेपे सातने. साडेअकरा.
"साडेचार दिवस," तो म्हणाला,
कुणाकडून येणं असल्यासारखा.

तुम्ही कोणती घ्याल, असं विचारतात सगळेच.
सांगायचं नसतं.
पण मला स्कागेराकमधली एक रात्र आठवली,
हलकी नाव, समोरून वारा,
लाटेलाटेवर आपटत होती, बशा फुटत होत्या,
आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो
आणि कुणाला ते नको होतं.
आणि दुसरीही आठवली:
जड नाव, मेलेला वारा,
प्रवाहाबरोबर उलट्या पावली बंदरात परत,
धक्क्यावरची पोरं हात हलवत होती.

तेवढंच बोलले:
स्नेपे वादळाआधी बंदर गाठेल.
अल्विल्डे नाही गाठणार,
ती वादळात बसून राहील.

आस्गर वहीकडे बघत राहिला.
ट्युराने माझ्याकडे हात पुढे केला,
हातोडी मागितली.
शिडी चढून अल्विल्डेच्या डेकवर गेली,
गुडघ्यांवर बसली, मान तिरकी करून
ती हातभर जागा ठोकत राहिली,
कडेकडेने, मधे, पुन्हा कडेने.
मग खाली उतरून स्नेपेच्या पोटाशी वाकली.
एकदाच ठोकलं.
"तो दात भरता येईल," वर बोट दाखवत म्हणाली.
"हा मुळाशी तडकलाय."

आस्गरने बराच वेळ पेन्सिल तोंडात धरली.
मग सोळा खोडून सतरा केले.
का, ते मी विचारलं नाही.

मी बिल लिहिलं, हातोडी पुसून ठेवली.
जाताना मागे ऐकू येत होतं,
वाऱ्यात स्नेपेच्या डोलकाठीवर दोर आपटत होते,
भराभर, भराभर,
टेकूंवर उभं राहून
तिला अजून निघायचंच होतं.