चौदा स्क्रू

पेटी फार मोठी नाही. पावाच्या लादीएवढी,
वजन अडीच किलो, रंग करडा.
विमानाच्या नाकामागे, पायातल्या पेडलांच्या वर
तिची जागा. मी उताणा सरकत आत शिरतो,
दातांत टॉर्च, खिशात चौदा स्क्रू.
मोजून नेतो. एक जरी उरला
तर त्या रात्री झोप नाही.

माउंट हागेनच्या हँगरमध्ये सकाळी सहाला
चहाच्या आधी रेडिओ बोलतो.
कोसावेच्या धावपट्टीवरून मेरोलिन तेमु:
"चर्चचा क्रॉस दिसतोय. मागचा सुरू नाही दिसत."
एवढंच.
वारा किती, ढग किती फुटांवर,
हे मोजायला तिला कोणी शिकवलं नाही.
पण सुरूचं झाड गेलं म्हणजे खिंड बंद,
क्रॉसही गेला म्हणजे चूल पेटवा, घरी बसा.
वीस वर्षं त्या एका झाडाच्या भरवशावर
आमची विमानं उतरली.

आता पडद्यावर डोंगर रंग घेऊन येतात.
हिरवा तुझ्या खाली,
पिवळा तुझ्या बरोबरीचा,
आणि लाल म्हणजे तो तुझ्याहून उंच आहे
नि तू सरळ त्याच्याकडेच निघाला आहेस.
पावसाचं चित्र उपग्रहावरून येतं,
पोचेपर्यंत सात मिनिटं शिळं होतं.
सात मिनिटांत इथला ढग
एक दरी गिळून दुसरीवर जाऊन बसतो.
म्हणून मी वैमानिकांना सांगतो,
पेटीला विचारा,
आणि मेरोलिनलाही.

मंगळवारी ओबेड काउपा अर्ध्यातून परत आला.
रॉकेलचे डबे, शाळेच्या वह्या,
दवाखान्यातून घरी निघालेला एक म्हातारा,
सगळं जसंच्या तसं.
म्हातारा चिडला होता: "उन्हातून कोणी माघारी फिरतं का?"
समोर खरंच ऊन होतं.
ढगांच्या दोन भिंतींमध्ये दरी उघडी, हिरवीगार,
अगदी कोसावेच्या खिंडीसारखी.
फक्त ती कोसावेची खिंड नव्हती.
पडदा लाल झाला, पेटीतली ती परकी बाई
न ओरडता म्हणाली: डोंगर. डोंगर. वर घे.
ओबेडनं डोळ्यांचं ऐकलं नाही, तिचं ऐकलं.
वहीत त्यानं दोन शब्द लिहिले:
हवामान. परत.

काळ आला होता. वेळ येऊ दिली नाही.
पण याची बातमी होत नाही,
हार घेऊन कोणी हँगरवर येत नाही.
रात्री मी पेटीतलं कार्ड काढलं, रेघ पाहिली:
सरळ, सरळ, मग एकदम कोयत्यासारखी वळलेली.
त्या वाकावर बोट ठेवून बराच वेळ बसलो.

सायलस वाइमची रेघ कुठेच नाही.
तीन वर्षांपूर्वी, तीच दरी, तसंच ऊन.
त्याच्या विमानाची पेटी आमच्याच कोठारात होती,
दुसऱ्या फळीवर, प्लास्टिकसुद्धा न काढलेली.
तिला धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी
पोर्ट मोर्सबीहून यायची होती.
नऊ दिवस.
चौकशीत मला विचारलं, मी खरं तेच सांगितलं,
पट्टीशिवाय पेटी बसवता येत नाही.
अहवालात त्याचं एक वाक्य झालं.
दोष कोणी दिला नाही.
त्याची बायको शनिवारी बाजारात रताळी विकते,
माझ्या पिशवीत नेहमी एक जास्त टाकते.
का, ते मी विचारलेलं नाही.
ते रताळं मी शेवटी खातो.

बुधवारी सहाला रेडिओ:
"काल आला नाहीत. रॉकेल संपलंय."
मग खरखर, मग मेरोलिनच:
"क्रॉस दिसतोय. सुरू दिसतोय.
पण पाखरं फार खालून चाललीत,
चहा घेऊन निघा."
ओबेडनं कप पुन्हा भरला.
मी टॉर्च दातांत धरली
आणि आत जाऊन
सगळे स्क्रू एकदा हातानं चाचपले.