कोरी चकती

सकाळी सहाला सोहारच्या एका शाळेची गच्ची चढतो
तेव्हा शिडीचा दांडा आधीच कोमट असतो.
चिमट्याने कालची चकती काढायची,
आजची ठेवायची.
बोट लावायचं नाही, तिच्यावर श्वास सोडायचा नाही,
एवढंच कौशल्य.
घरचे फोनवर विचारतात, नेमकं करतोस काय?
सांगतो, हवेचं वजन करतो.
हसतात. म्हणतात, वाण्याकडे तराजू काय कमी होते!

खलफान गाडी चालवतो. मला फिद्या म्हणतो.
विद्याधरमधला व त्याच्या ओठांत बसत नाही
आणि धर तो मुळातच सोडून देतो.
त्याच्या भाषेत फिद्या म्हणजे सुटलेल्या रोजाची भरपाई,
एका दिवसामागे एका भुकेल्याचं जेवण.
म्हटलं, चालेल.

चकतीवर वाळू येते, पिवळट. ती वाळवंटाची.
तिच्यासाठी कुणाला फोन करता येत नाही.
धूर वेगळा. करडा, चिकट,
बंदराकडच्या भट्ट्यांचा,
काडी विझवल्यावर नाकात चढतो तसा वास.
हा वास मला इथे येऊन शिकावा लागला नाही.

अहवालात जाते चोवीस तासांची सरासरी.
सरासरी नेहमी इस्त्रीची घडी घालून येते,
मर्यादेच्या आत.

खलफानची आई, जुवैना, शाळेमागेच राहते.
एकदा तिने लिंबाच्या पानावरून बोट फिरवलं
आणि माझ्या पांढऱ्या शर्टाला पुसलं.
काय म्हणाली ते खलफानने हिंदीत सांगितलं, खाली बघत:
तू उजाडल्यावर येतोस.
तो सगळे झोपल्यावर येतो.
नातू उठून बसतो, धाप लागलेला.
मी घड्याळ बघते. दोन वाजून गेलेले असतात.

परवानगीला तीन आठवडे लागले.
मग आठ रात्री, दर तासाला एक चकती.
गच्चीवर मी, थर्मासमधला चहा,
खाली गाडीत खलफानचं घोरणं.
एकची चकती करडी.
दोनची तव्याच्या बुडासारखी.
तीनची पुन्हा करडी, साळसूद.
आठांतल्या सहा रात्री हेच.
जुवैनाच्या खिडकीत दिवा लागला की मी वेळ टिपायचो.
यंत्राचा काटा त्यानंतर चार मिनिटांनी वर जायचा.

एका भट्टीच्या गाळणीच्या पिशव्या फाटल्या होत्या.
रात्री धूर त्यांना वळसा घालून सोडत.
माफी कुणी मागितली नाही. पिशव्या बदलल्या,
त्याही चार महिन्यांनी.
आता दोनची चकती करडी येते. पांढरी नाही.
जुवैना पानावरून बोट फिरवते आणि म्हणते,
अजून आहे.
मग थांबून, कमी आहे.
याच क्रमाने.

बाबा खेडजवळ रंगाच्या कारखान्यात होते.
रात्रपाळी करून झोपले की उशीचा अभ्रा जांभळा व्हायचा,
कधी नुसता पिवळा.
आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची.
कोणत्या आठवड्यात कोणता रंग, तिला तोंडपाठ होतं.
तिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी तेव्हा रसायनशास्त्रात पहिला यायचो.

नियमाने एक चकती नुसती सोबत फिरते.
ती यंत्रात घालायची नाही.
गच्चीवर न्यायची, परत आणायची
आणि तिचंही वजन करायचं,
आपल्याच हातांनी किती घाण आणली ते कळावं म्हणून.
काल ती सहा मायक्रोग्रॅम जास्त भरली.
रकान्यात लिहिलं.
खाली खलफान हॉर्न वाजवत होता, घाईत सही केली
आणि जिना उतरताना लक्षात आलं,
वहीत फिद्या लिहून आलोय.