मंगळाची गाडी

नेवाडाच्या वाळवंटात एक रेल्वे होती,
सगळी मिळून काही मैलांची.
फलाट नाही, तिकीटघर नाही.
एका टोकाला पत्र्याची अजस्र शेड,
दुसऱ्या टोकाला काँक्रीटचा ओटा.
एल्डन ट्रस्कॉट ती हाकायचा
माणसाच्या चालीनं, कधी त्याहून हळू,
कारण मागच्या डब्यावर उभं असायचं
मंगळावर जायचं इंजिन.

उलटं. तोंड आभाळाकडे.
पाय रोवून वर आग ओकायचं,
जणू आकाशालाच ढकलून बघतंय
हलतंय का.

कुणाच्या पत्रिकेत मंगळ असतो,
एल्डनच्या पगारपत्रकात होता.
बीटी गावच्या किराणा दुकानात
लोक विचारायचे, "काय रे, कुठवर पोचलास?"
तो म्हणायचा, "आज बाराशे यार्ड."

इंजिनाच्या पोटात युरेनियम.
अणू फुटायचे, आणि त्या धगीतून
हाडं गोठवणारा हायड्रोजन
पिसाळल्यासारखा सुटायचा.
धूर नाही. ज्वाळाही धड दिसायची नाही;
पलीकडचा डोंगर तेवढा
पाण्यात पडल्यासारखा हलायचा.
मग शांतता.
मग कितीतरी दिवस त्याच्या जवळ जायची कुणाला मुभा नसे.
जायचा तो एल्डन,
शिशाच्या भिंतीआड बसून, हातभर जाड काचेतून बघत,
तापलेला बैल दावणीला आणावा
तसा त्याला शेडकडे आणत.

छातीवर बिल्ला, आत फिल्मचा तुकडा.
महिनाअखेर तो धुवायला जायचा.
मार्नी सहा वर्षांची.
तिला वाटायचं, बापाचा फोटो निघतो त्यात.
"कसा आला?"
"कोरा," तो सांगायचा. "कोरा आला की चांगलं."

जुलैत, पारा वेडा झालेला असताना,
हायड्रोजनच्या नळावर हिव धरायचं,
पांढरं, मिठासारखं.
नियमात नव्हतं, तरी एल्डननं एकदा
ते खरवडून थर्मासात भरलं
आणि रस्ताभर मांडीत धरून घरी आणलं.
झाकण उघडलं तर दोन घोट पाणी.
मार्नीनं प्यायलं, तोंड वाकडं केलं.
"गंजासारखं लागतंय."
"लागणारच," एल्डन म्हणाला. "लाल ग्रह आहे."

त्र्याहत्तर साली कागद आला. वार मंगळवार.
पैसा दुसरीकडे हवा होता.
शेवटचं इंजिन शेडमध्ये लावून
त्यानं दिवे मालवले, किल्ली परत दिली,
आणि पुढं वीस वर्षं शाळेची बस चालवली.
पोरं मागून ओरडायची, जोरात, जोरात.

एक्याऐंशीव्या वर्षी गेला.
किरणांनी नाही,
स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना शिडीवरून.

परवा मार्नीला हंट्सव्हिलहून फोन.
कुणी तरुण पोरगी, इंजिनिअर.
पुन्हा तसलं इंजिन करायचं चाललंय म्हणे.
"तुमच्या वडिलांनी काही लिहून ठेवलंय का?"

गॅरेजात एक वही निघाली.
तारीख. अंतर. वेग. वारा.
एका पानावर फक्त: सशामुळे थांबलो.
मार्नीनं चष्मा लावून बेरीज केली,
सगळ्या फेऱ्यांची, जाण्याची आणि येण्याची.
"तीनशे नव्वद मैल," ती म्हणाली. "याचा तुला काही उपयोग नाही ना गं?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग कागदाची सळसळ.
"सशाची तारीख कोणती होती?"