पाणसळ

ताप उतरला मंगळवारी.
शुक्रवारी पहाटे कूस बदलली
आणि खोली सुटली.
पंखा, कॅलेंडर, माळ्यावरचा हंडा,
सगळं लेथच्या चकात धरल्यासारखं
एकाच अंगाला गरागरा.
कॉटची लोखंडी पट्टी धरली दोन्ही हातांनी.
शालन म्हणाली, अहो, काय होतंय?
‘थांबव’ एवढंच म्हणता आलं.
कुणाला म्हणालो, ठाऊक नाही.

सीपीआरच्या बाकावर बादली मांडीत घेऊन बसलो.
डॉक्टरीण पोरगेली. डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाली,
बुबुळं धावतायत तुमची.
ताप गेला, पण जाता जाता
आतल्या कानाची नस सुजवून गेला.
कानात म्हणे तीन वाटोळ्या नळ्या,
नळ्यांत पाणी,
आणि त्या पाण्याच्या भरवशावर माणूस उभा.

हसू आलं, ओकारीसकट.
एकतीस वर्षं उद्यमनगरात
मी दुसरं काय केलं?
मशीन आलं की बेडवर पाणसळ ठेवायची,
बुडबुडा दोन रेघांच्या मधे येईतो
बोल्ट पाव-पाव आटा फिरवायचा,
फट असेल तिथं पत्र्याची शिम सरकवायची.
शिरोलीपासून इचलकरंजीपर्यंत
माझ्या हातची मशीनं उभी आहेत
आणि मला मोरीपर्यंत भिंत लागते.

गरगर आठ दिवसांत गेली.
राहिलं ते सांगायला अवघड.
पडत नाही, फिरत नाही,
फक्त जमीन ओल्या गादीसारखी दबते
आणि मान वळवली की
गाव अर्धा क्षण उशिरा पोचतं.
रिपोर्ट सगळे चांगले, तेच वाईट.
प्लास्टर नाही, टाका नाही, दाखवू काय?
पार्वती टॉकीजच्या चौकात झोकांडी गेली
तर पानपट्टीवाला म्हणाला,
मिस्त्री, आज दुपारीच?
आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस मी.
चढलीय खरी, म्हटलं, कानातल्या पाण्याची.

मुल्लाणी बाईंनी व्यायाम दिला :
अंगठा समोर, नजर अंगठ्यावर,
मान नाही-नाही म्हणत हलवायची.
उशीवर उभं राहून डोळे मिटायचे.
टाचेला चवडा लावत
एका रेघेत चालायचं.

म्हणून पहाटे रंकाळ्यावर.
फरशीची एक सांध धरली, निघालो.
वीस पावलांत डावीकडं, तळ्याच्या अंगाला.
पुन्हा धरली. पुन्हा तळं.
ठेकेदाराला मनातल्या मनात शिवी घातली,
उतार काढलाय भाड्यानं.

मग दस्तगीर आठवला.
पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलेलं :
पाणसळीवर लगेच विश्वास ठेवायचा न्हाई पोरा.
उचल, टोकं उलटी कर, परत ठेव.
बुडबुडा मगाच्याच भिंतीकडं गेला तर बेड वाकडा.
त्याच टोकाला चिकटून राहिला
तर खोट पाणसळीत.

वळलो, हळू, कठडा धरून.
तीच सांध.
आता डाव्या हाताला रस्ता,
आणि गेलो ते रस्त्याकडं.

म्हणजे रंकाळा लेव्हलमधे आहे.
कोल्हापूर आहे तिथं आहे.
सरकलाय तो बुडबुडा माझा.
एवढ्यानं किती बरं वाटलं,
कुणाला सांगून पटायचं नाही.

दस्तगीर आता एकटाच मशीन बसवतो.
रात्री फोन करून आकडे वाचून दाखवतो,
मी हं म्हणतो.
पाणसळ त्याच्याकडंच आहे, पेटीसकट.

परवा गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलो
आणि लाइट गेली.
अंधारात डोळ्यांचा आधार सुटला की
कान एकटा पडतो.
म्हैस हंबरली, चारी बाजूंनी.
पाय कुठं टेकलेत ते पायांनाच कळेना.
शालन काही बोलली नाही,
तिनं आपला खांदा माझ्या काखेखाली सरकवला,
जेवढी फट होती तेवढाच.

दूध सांडलं नाही.
ग्लासातला फेस मधोमध होता का,
ते मात्र दिसलं नाही.